साखळी संपेपर्यंत

जिंकणाऱ्यामागे सगळं जग धावतं आणि हरणाऱ्यासाठी हळहळणारेही चार जण निघतात. पण बरोबरीत सुटलेल्या माणसावरून जीव ओवाळून टाकणारा इसम मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू हे नातं मुळातच अवघड. सासरा एक आणि जावई दोन, एवढ्या भांडवलावर दोन परक्या माणसांनी जन्मभर एकमेकांशी गोड बोलायचं असतं. त्यातून आमचे साडू वयाने, उंचीने आणि अमेरिकेतल्या मुक्कामाने माझ्याहून थोर. ते नागपूरचे, मी पुण्याचा, आणि आमच्या बायका सांगलीच्या सख्ख्या बहिणी. नागपूर आणि पुणे यांना सांगलीत एकत्र आणून पुढे व्हर्जिनियातल्या हर्नडन गावी नेऊन ठेवण्यात नियतीचा काय हेतू होता कोण जाणे. जपानमधल्या एका कुस्ती स्पर्धेचा समग्र इतिहास मला ऐकवला जावा, एवढाच असावा असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

ही स्पर्धा दर वसंतात भरते. कुस्ती म्हणजे आपली तांबड्या मातीतली नव्हे. चौकोनी दोरांच्या आत, रंगीत चड्ड्या घालून, उड्या मारून करायची ती, जिचा निकाल कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेला असतो. स्पर्धा साखळी पद्धतीची. प्रत्येकाने प्रत्येकाशी लढायचं. जिंकला की दोन गुण, हरला की शून्य, आणि वेळ संपेपर्यंत कुणीच चीत झालं नाही तर दोघांना एकेक. सगळ्यांच्या सगळ्यांशी कुस्त्या झाल्या की सर्वांत जास्त गुणांच्या दोघांची अखेरची झुंज. मी २००१ साली नोकरीसाठी हर्नडनला आलो आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा भरल्या वांग्याची पहिली फोड तोंडात जायच्या आत हे सगळं मला समजावून झालं होतं. कढीपर्यंत आम्ही स्पर्धेच्या पहिल्या काळात पोचलो. अगदी सुरुवातीला म्हणे ती बाद पद्धतीची होती, हरला की घरी. "मग कुणाला तरी अक्कल आली बाप्पा," साडू म्हणाले, "आणि साखळी झाली. साखळीत कुणी बाद नसते साडू. आज आपटले, उद्या पुन्हा कुस्ती आहे. एवढा दयाळू नियम माणसाने दुसरा केलाच नाही." मधली काही वर्षं स्पर्धा बंदच पडली होती. त्या वर्षांबद्दल बोलताना त्यांचा आवाज असा उतरायचा, की घरातलं कुणी गेल्यासारखं वाटावं. मग ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा ताक आलं.

हे वेड त्यांना लागलं मिशिगनमधल्या ॲन आर्बरला, शिकत असताना. पहिला हिवाळा, गुडघाभर बर्फ, खोलीत एक जपानी सोबती. तो शिक्षण अर्धवट टाकून मायदेशी परतला आणि जाताना टीव्ही आणि व्हिडिओ टेपांनी भरलेलं एक खोकं मागे ठेवून गेला. साडूंना जपानी येत नव्हतं, अजूनही येत नाही. पण त्या हिवाळ्यात गाइड त्यांच्याशी बोलत नव्हता, नागपूरहून पत्र येत नव्हतं, सूर्य तर नावालाही नव्हता, आणि खोक्यात मात्र एक जाडा, दमलेला माणूस रोज हरून दुसऱ्या दिवशी पुन्हा दोरांत शिरत होता. "त्या थंडीत माझं डोकं फिरलं नाही ते त्याच्यामुळे," असं ते एकदाच म्हणाले, तेही पाठ करून, फ्रीजमध्ये काहीतरी शोधत.

मी पुणेकर असल्यामुळे, हे सगळं खोटं असतं हे त्यांच्या तोंडावर सांगणं माझं कर्तव्यच होतं. मी म्हणालो, "अहो, कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं, त्यात पाहायचं काय?" साडूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "लग्नात अंतरपाट बाजूला होणार हे माहीत असते ना? मग अक्षता घेऊन जीव मुठीत धरून उभे कशाला राहता?" आणि मग जरा थांबून, "निकाल ठरलेला असतो साडू, पण पाठ खरीच आपटते." नंतर कधीतरी बरं उत्तर सुचेल म्हणून मी वाट पाहिली. अजून सुचलेलं नाही.

पैलवानांची जपानी नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी सगळ्यांचं बारसं केलं होतं. आखाड्यात तपासणीला आल्यासारखा संथ चालत येणारा म्हातारा तो 'मामलेदार'. हरला की कोपऱ्यात जाऊन रुसणारा तरणाबांड तो 'जावई'. टेक्सासहून पाहुणा म्हणून येणारा दांडगा गोरा 'ट्रकवाले'. ही नावं ताईलाही पाठ होती. ताई म्हणजे साडूंची बायको, माझी थोरली मेहुणी. आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. ती दातांची डॉक्टर. सांगलीत तिने चार वर्षं प्रॅक्टिस केली होती, लोक तिच्या हाताला गुण आहे म्हणायचे. लग्न होऊन ती अमेरिकेत आली ती नवऱ्याच्या व्हिसावर, आणि त्या व्हिसावर बायकोने काम करायचं नाही असा कायदा. मूलबाळ नव्हतं. मग ती सकाळी घर आवरायची, दुपारी पुन्हा आवरायची, आणि संध्याकाळी नवऱ्याशेजारी बसून कुस्ती पाहायची. कुस्ती म्हणजे दात. "ह्याची वरची दाढ गेली गेल्या वर्षापासून." "मामलेदारांना कवळी नीट बसत नाहीये, आवळून धरतात बघा." महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना ती समोरच्यांच्या उघड्या तोंडांत पाहत असायची आणि प्रसादाच्या वेळी एखाद्याला बाजूला घेऊन हळूच सांगायची, "रूट कॅनल करून घ्या, टाळू नका." लोक हसायचे. दात तपासायचा तिचा तो छोटा आरसा स्वयंपाकघरातल्या खणात, चमच्यांबरोबर असायचा. एकदा साखरेचा चमचा काढताना माझ्या हाती लागला तर ती म्हणाली, "राहू दे तिथंच, रोज दिसतो तरी."

साडूंनी साखळीचे नियम संसारालाही लावले होते. भांडण सुरू झालं की ते उठून ओव्हनचा टायमर लावत. घंटी वाजेपर्यंत कुणीच चीत झालं नाही तर सामना बरोबरीत, दोघांना एकेक गुण, आणि चहा. मला वाटायचं ही थट्टा असेल. पण एकदा माझ्यासमोरच ताई "तुमच्या आईने मला त्या दिवशी" इथवर आली आणि टण्ण झालं. ती थांबली, तिने आधण ठेवलं, आणि ते वाक्य आजतागायत अर्धंच आहे. क्षुल्लक भांडणांना ही पद्धत फार चांगली, मी स्वतः घरी करून पाहिली. पण त्यांच्या घरात एक मोठं भांडण होतं आणि तेही याच पद्धतीने लढलं जाई. ताईला परत जायचं होतं. सांगलीला जाऊन पुन्हा दात काढायचे होते, बसवायचे होते, लोकांनी दारात चपला काढून वाट पाहायला हवी होती. साडूंना ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबायचं होतं. कार्ड आलं की तिलाही इथेच शिकता येईल, काम करता येईल, मग काय प्रश्न? दोघांचंही म्हणणं खरं होतं, त्यामुळे घंटी वाजेपर्यंत कुणीच चीत होत नसे. "बरोबरी," साडू समाधानाने म्हणत. "पुढच्या वसंतात बघू." ताई कप विसळायला घ्यायची.

मग हर्नडनवर अवकळा आली. टेलिकॉमच्या कंपन्या एकेक करून मिटू लागल्या. काचेच्या इमारतींच्या पार्किंगमध्ये दुपारी बाराला गाड्या मोजक्याच दिसू लागल्या, ओळखीची माणसं टाउनहाउस रिकामी करून टेक्सासमधल्या प्लेनोला, नाहीतर थेट हैदराबादला जाऊ लागली. त्या दिवसांत साडू मला साखळीच्या इतिहासातलं एकच पान पुन्हा पुन्हा सांगत. एकदा म्हणे तिथले बहुतेक पैलवान एकगठ्ठा उठून दुसरीकडे गेले; राहिले ते बोटांवर मोजण्याइतके. लोक म्हणाले, संपलं. आणि त्या वसंतातही स्पर्धा झालीच, उरल्यासुरल्यांची. "कोण उरलं यावर नसते ते," साडू म्हणत, "भरली की नाही यावर असते." त्यांच्या ऑफिसच्या मजल्यावर तेव्हा तेच आणि दोन झाडू मारणारे उरले होते. लवकरच झाडू मारणारेच उरले. साडूंना धावतपळत दुसरी नोकरी मिळाली, पण कंपनी बदलली म्हणून ग्रीन कार्डचं सगळं पहिल्यापासून. ही बातमी त्यांनी उत्साहाने सांगितली. "नवी साखळी! सगळे शून्यावर!" ताई तांदूळ धूत होती. ती पाणी न ओतता म्हणाली, "तुमचं शून्य. माझं काय धरलंय त्यात?" टायमर लावला नाही कुणी.

आता साडूंच्या सर्वांत मोठ्या विक्षिप्तपणाकडे येतो. साखळी होते मार्च-एप्रिलात, पण ती त्यांच्यापर्यंत पोचायची मे महिन्यात. ओहायोत त्यांच्यासारखाच एक वेडा होता, तो जपानहून टेपा मागवून त्यांच्या प्रती काढून पाठवायचा. मधले सगळे आठवडे साडू निकाल कानावर पडू नये म्हणून जीव मुठीत धरून जगत. इंटरनेट बंद. मंडळातल्या समस्त लोकांना ताकीद. आमच्या बिरादरीत जपानी कुस्तीचा निकाल माहीत असणारं कुणी असणं शक्यच नव्हतं, पण हे त्यांना पटत नसे. वॉशिंग्टनला चेरीचा बहर येतो तो याच दिवसांत, सगळं हर्नडन पाहायला लोटतं, ताईला जायची फार हौस. हे गृहस्थ एकदाही गेले नाहीत. कारण? तिथे जपानी पर्यटक येतात, एखादा निकाल बोलून गेला तर! मी म्हणालो, "तुम्हाला जपानी कुठे कळतं?" "चेहऱ्यावरून कळते," ते म्हणाले. ताई आमच्या गाडीतून आली. झाडांखाली उभी राहून तिने आम्हा नवराबायकोचे फोटो काढले, तिचा काढू का असं कुणी विचारलं तर "माझा कशाला" म्हणाली.

टेपा आल्या की त्यांचा विधी असे. ओहायोवाला भला माणूस, पण त्याला दम निघत नसे. पार्सलमध्ये तो हटकून चिठ्ठी टाकायचा आणि तीत कोण जिंकलं ते लिहायचा. म्हणून पार्सल ताईने उघडायचं, चिठ्ठी काढून फाडून टाकायची, आणि टेपा तारखेनुसार लावून ठेवायच्या. साडू शनिवार-रविवारी दुपारी एकेक दिवसाच्या कुस्त्या पाहत, आत्ता चालू असल्यासारख्या. त्यामुळे दर वर्षी कितीतरी आठवडे निकाल त्या घरात फक्त ताईला ठाऊक असायचा. मामलेदार हरणार हे माहीत असून ती साडूंबरोबर त्याच्यासाठी देव पाण्यात घालायची, टाळ्या वाजवायची, चेहऱ्यावर एक रेघ हलू द्यायची नाही. एवढी करमणूक तिला त्या घरात दुसरी नव्हती. साडू तिच्याकडे संशयाने पाहत आणि ती काही बोलायला तोंड उघडतेय असं वाटलं तर कान झाकून घेत. "सांगू नको! मला क्रमाने कळू दे!"

तो मे महिना मला नीट आठवतो. ताई पूर्वी सांगलीत ज्यांच्या दवाखान्यात काम करायची त्या सरांचा तिला फोन आला होता. सर म्हातारे झाले होते, चालता दवाखाना कुणाच्या तरी हाती द्यायचा होता, आणि त्यांना ती हवी होती. हो की नाही ते लवकर कळव, म्हणाले. ताईने हे माझ्या बायकोला सांगितलं, साडूंना अजून नव्हतं. त्या शनिवारी मी त्यांच्याकडे जुना सोफा उचलायला मदत म्हणून गेलो होतो. टपाल येऊन गेलं होतं, टेपांचं पार्सल टेबलावर उघडून पडलं होतं. आम्ही सोफा दारात अडकवून धापा टाकत उभे होतो, तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातून आली. पदराला हात पुसले. "अहो," ती म्हणाली, "जरा इकडे लक्ष द्या. एक बोलायचं आहे, आजच बोलायला हवं."

साडूंनी पार्सलकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, सोफा सोडला आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. सोफा माझ्या पायावर पडला. "नाही नाही नाही! काहून असं करते तू? साखळी संपू दे! शेवटची कुस्ती होऊ दे, मग काय सांगायचं ते सांग!" ते डोळेही मिटून उभे होते. ताई त्यांच्याकडे पाहत राहिली. मी पाय चोळत होतो आणि मला हसू येत होतं. ती हसली नाही. "बरं," म्हणाली, आणि आत गेली.

त्याच आठवड्यात तिने सरांना हो म्हणून कळवलं. माझ्या बायकोला कळलं, तिच्याकडून मला, मग मंडळाच्या बायकांना. आणि मग जे घडलं ते आमच्याच कंपूत घडू शकतं. साखळी संपेपर्यंत काही सांगायचं नाही असं साडूंनी स्वतः बजावलेलं. इतक्या वर्षांची सगळ्यांना सवय. ताईने सांगितलं, "ते म्हणालेत ना, संपल्यावर. मग संपल्यावर सांगेन." जो तो गप्प. साडू खोलीत आले की बायका बोलायच्या थांबत, कुणीतरी लगेच हवापाण्यावर येई. मेअखेरीस मेमोरियल डेच्या सुट्टीला काउंटीच्या पार्कात सगळ्यांनी मिळून जेवण केलं, ते खरं तर ताईच्या निरोपाचं होतं. कुणी पुरणपोळ्या आणल्या होत्या, एका काकूंनी तिची ओटी भरली. साडू कणसं भाजत होते. ते मला बाजूला घेऊन सद्गदित होऊन म्हणाले, "पाहा यार साडू, काय माणसं आहेत! मी जवळ गेलो की विषय बदलतात. कुणीही निकाल फोडला नाही. सख्खे भाऊ एवढं जपत नाहीत." मी कणीस खाल्लं. ते कच्चं होतं.

शेवटची टेप रविवारी दुपारी लागली. आम्ही दोघंही गेलो होतो; माझ्या बायकोला ताईला एकटं सोडायचं नव्हतं. अंतिम झुंज मामलेदार आणि जावई यांची. म्हातारा बराच वेळ तगला. साडू सोफ्याच्या टोकावर बसून पुटपुटत होते, ताई त्यांच्या बाजूला, हात मांडीवर. म्हातारा पडला. उठायचा प्रयत्न केला, पुन्हा पडला. साडूंनी चष्मा काढून पुसला, एक लांब श्वास सोडला आणि मोकळ्या मनाने तिच्याकडे वळले. "संपली. आता बोल. केव्हाची पोटात ठेवून आहेस."

"माझं तिकीट आहे," ताई म्हणाली. "येत्या शनिवारचं. सांगलीला सरांचा दवाखाना मी घेतेय."

टीव्हीवर कुठल्याशा जपानी शेवयांची जाहिरात चालू झाली होती. साडू तिकडे पाहत होते. तसंच पाहत त्यांनी विचारलं, "रिटर्न?"

"नाही."

ते उठले, ओव्हनपाशी जाऊन उभे राहिले. "टायमर लावू?"

"नको," ताई म्हणाली. "भांडायचं नाहीये मला." हे तिने इतक्या मायेने म्हटलं, की माझी बायको उठून आत गेली.

घटस्फोट वगैरे काही झाला नाही. आमच्याकडे तसं काही होत नाही, नुसती माणसं दोन ठिकाणी राहतात. साडू तिला विमानतळावर सोडून आले, बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून पुस्तकं काढावी लागली असं सांगत होते. त्यानंतरही दर मे महिन्यात टेपा आल्या. मी म्हणालो, पार्सल माझ्याकडे पाठवा, चिठ्ठी मी काढून टाकतो. "काही गरज नाही," ते म्हणाले. "मी आधी चिठ्ठीच वाचतो आता. आधी माहीत असलेलं बरं." कुस्ती पाहताना पूर्वीसारखे ते टोकावर बसत नाहीत, मागे रेलून बसतात. जुना इतिहासही सांगत नाहीत. मी कधी आपण होऊन विचारलं, ती स्पर्धा बंद पडली होती ती वर्षं कुठली हो, तर म्हणतात, "असतील काही." हे ऐकण्यापेक्षा ते जेवताना डोकं खात होते ते परवडत होतं. २००७ मध्ये त्यांचं कार्ड आलं. फोनवर म्हणाले, "आलं." मी अभिनंदन केलं. ताईला कळवलं का विचारलं. "कळवलं. छान झालं म्हणाली." आता तुम्ही जाऊन या तिकडे, मी म्हटलं. "जातो ना. येत्या वसंतात बघतो."

तो वसंतही गेला. पुढच्या डिसेंबरात मी पुण्याला एका लग्नासाठी गेलो, तेव्हा सासरी सांगलीला जाऊन आलो. ताईचा दवाखाना पाहिला. दारात चपलांची ही गर्दी. ताई जरा जाड झाली आहे, केस पिकलेत, आवाज मोठा झालाय. मदतनीस मुलीला ती दटावत होती आणि मजेत होती. मला पाहून खुर्चीकडे बोट केलं. "बसा. तोंड उघडा. अमेरिकेत दात दाखवायला जात नसणार तुम्ही." दाढ किडलेली निघालीच. माझ्या तोंडात कापूस, नळी, आरसा आणि तिची दोन बोटं होती, तेव्हा तिने विचारलं, "कसे आहेत?" मी घशातून काहीतरी आवाज काढला. "जेवतात का वेळेवर? झोपतात का?" मी पुन्हा तसाच आवाज काढला. ती कोरत राहिली. मशिनचा आवाज थांबल्यावर, दाढेतून नजर न काढता, म्हणाली, "सगळ्यांना वाटतं मी त्या दिवशी सांगायला आले होते. तुम्हालाही वाटत असेल. मी सांगायला आलेच नव्हते हो. विचारायला आले होते. सरांचा असा फोन आलाय, जाऊ का? एवढंच. नको म्हणाले असते तर बहुधा राहिले असते. निदान भांडलो तरी असतो."

माझं तोंड उघडंच होतं, बोलता येत नव्हतं.

"थुंका," ताई म्हणाली. "आणि दोन तास काही चावू नका."

परत आलो तेव्हा डलस विमानतळावर मला घ्यायला साडू आले होते. दुपारची वेळ, आभाळ भरून आलेलं, रस्त्याच्या कडेला मळलेल्या बर्फाचे ढीग. त्यांनी बॅग उचलू दिली नाही. गाडीत बसल्यावर हीटर लावला, हात चोळले, आरसा नीट केला, आणि मग जणू आत्ताच आठवलं असं विचारलं, "कशी आहे?" मी म्हणालो, छान आहे, दवाखाना जोरात चाललाय, माझी दाढ भरली. त्यांनी दाढेची चौकशी केली. तिच्या हाताला गुणच आहे, म्हणाले. मी सांगितलं, तुम्ही जेवता का, झोपता का, सगळं विचारत होती. ते इतके खुलले की वळण चुकले आणि आम्ही टोल रोडला लागलो.

"विचारत होती?" ते म्हणाले. "नवलच आहे. तिचं हे एक होतं बघा साडू, कधी काही विचारायची नाही. एकदम ठरवूनच मोकळी व्हायची."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कौतुक होतं, बायकोच्या स्वभावाचं नवऱ्याला असतं तसं जुनं, मुरलेलं. मला फार वाईट वाटलं. एक वाक्य होतं माझ्याजवळ, आणि ते सांगितलं असतं तर या माणसाचं उरलंसुरलं कौतुकही गेलं असतं. मी म्हणालो, "हो ना, पहिल्यापासून तशीच." ते हसले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढला, मी सुखरूप पोचल्याचं तिला कळवायला म्हणून. नंबर लावता लावता थांबले आणि घड्याळाकडे पाहिलं.

"आत्ता तिकडे रात्र असेल," ते म्हणाले. "थांबतो थोडा."